सरळ येणारं हलत नाही

३ ऑक्टोबर, सोमवार

आले बाई एकदाची. बस वळणं घेत वर चढली, शेवटच्या वळणावर पांढरा घुमट दिसला आणि मी शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसून म्हटलं, मला तिथे नोकरी लागली आहे. ती म्हणाली, अगोबाई, ताऱ्यांची? मी म्हटलं, ताऱ्यांची कसली, काचा पुसायची. दोघी खूप हसलो.

वेधशाळेच्या मागे नोकरवर्गासाठी खोल्यांची रांग आहे. मला टोकाची मिळाली. दोन खोल्या, मोरी, पूर्वेला खिडकी, आणि एक टेबल, ज्याचा एक पाय आखूड. पायाखाली कागदाची घडी घातली. हे असते तर दहा मिनिटांत पुठ्ठ्याची चकती कापून बसवली असती आणि वर मलाच ऐकवलं असतं की कागद दबतो, एवढं कळत नाही? ह्यांना जाऊन दोन वर्षं चार महिने झाले. ही वहीसुद्धा ह्यांनीच बांधलेली. पुस्तकबांधणीचा धंदा, उरल्यासुरल्या कागदांच्या वह्या करून कपाटात रचायचे. मी म्हणायचे, एवढ्या वह्यांत मी लिहायचं तरी काय? आता लिहिते आहे.

शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढचं सगळं बांधणीला आलेल्या पुस्तकांतून. गिऱ्हाईक परत न्यायला यायच्या आत वाचून काढायचं. त्यामुळे माझं ज्ञान खिळखिळं आहे. कशाची पहिली पन्नास पानं नाहीत, कशाचा शेवट नाही. ताऱ्यांच्या पुस्तकाची शेवटची तीस पानं वाळवीने खाल्लेली होती. मुलाखतीला मी हे सांगितलं तेव्हा इथला संग्रह सांभाळणाऱ्या गृहस्थांना हसता हसता ठसका लागला. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. म्हणाले, ताई, ती तीस पानं इथे भरून काढा.

शनिवारी ठकी येईल. माझी एकुलती एक लेक, चोवीस वर्षांची घोडी झाली तरी आमच्या तोंडात ठकीच बसलं आहे. रेल्वेचं इंजिन चालवण्याच्या नोकरीसाठी तिची निवड झाली आहे. लेखी झाली, तोंडी झाली, आता फक्त पंचवीस तारखेची डोळ्यांची तपासणी राहिली. तोवर माझ्याकडे राहणार आहे. छान हवा आहे इथे. मला तर आत्ताच भूक लागली.

४ ऑक्टोबर, मंगळवार

काम समजलं. पूर्वी दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काचेवर घेत. एकेक प्लेट शाळेच्या पाटीएवढी, खिडकीच्या काचेइतकी पातळ. एका बाजूला चित्र, दुसरी बाजू नुसती काच. चित्राच्या बाजूला बोट लागलं तर नोकरी गेली समजा, असं मास्तर म्हणाले, आणि मग मी घाबरले असं बघून म्हणाले, अहो, माझंही लागलं होतं एकदा.

प्लेट कागदी पाकिटातून काढायची, पाकिटावरचा नंबर आणि तारीख लिहून घ्यायची, उजेडाच्या टेबलावर ठेवून तिचा एक साधा फोटो काढायचा. मग कोऱ्या बाजूवर जुन्या लोकांनी शाईने केलेल्या खुणा स्पिरिटच्या बोळ्याने पुसायच्या, म्हणजे मशीनमध्ये प्लेटची स्वच्छ नक्कल उतरते. खुणा साध्या फोटोत राहतात, त्यामुळे काही हरवत नाही. एकूण तीनशे चाळीस प्लेटा, सगळ्या आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, साठ वर्षांत घेतलेल्या. प्लेटवर सगळं उलटं असतं. आभाळ फिकं आणि तारे काळे. काळं म्हणजे उजेड. हे डोक्यात बसायला मला अर्धा दिवस लागला.

आणखी एक गोष्ट मास्तरांनी शिकवली. भिंगातून बघताना पुसट वस्तूकडे सरळ बघायचं नाही. किंचित बाजूला बघायचं. म्हणजे ती डोळ्याच्या कडेला जास्त स्पष्ट दिसते. मी करून बघितलं आणि खरंच, जिथे काही नव्हतं तिथे धाग्यासारखं काहीतरी उमटलं. मास्तर म्हणाले, आधीच्या बाई एकतीस वर्षं अशाच मान वाकडी करून बसत. आम्ही त्यांना मागून कोंबडी म्हणायचो.

प्रत्येक प्लेटच्या मध्यावर त्या बाईंनी लाल शाईने एक कडं काढलं आहे. मसुराच्या दाण्याएवढं. इतर खुणा इथे-तिथे आहेत, पण हे कडं प्रत्येक प्लेटवर, त्याच जागी. हात इतका सफाईदार की नाण्याभोवती फिरवावा तसा. पुसताना वाईट वाटलं. दिवसभरात अकरा प्लेटा झाल्या.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं आहे त्या संशोधक बाई आल्या. वयाने लहान, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि ती पेन्सिल शोधत सगळं टेबल उपसतात. मला काकू म्हणतात. मी विचारलं, नेमकं कशाचं चित्र आहे हे? त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि मन लावून सांगितलं.

हजारो वर्षांपूर्वी एक मोठा तारा फुटला. आपल्याच आकाशगंगेतला. ताऱ्याचं जे काही होतं ते चहू बाजूंना उडालं आणि अजून उडतंच आहे, फुगत जाणाऱ्या फुग्याच्या कातडीसारखं. आता त्याच्या चिंध्या झाल्या आहेत. प्लेटवर दिसतात ते धागे म्हणजे त्या चिंध्या. साठ वर्षांपूर्वीच्या आणि अलीकडच्या प्लेटा शेजारी ठेवल्या की कडेचे धागे केसभर बाहेर सरकलेले दिसतात. ते केसभर मोजायचं, मग उलटा हिशेब करून तारा कधी फुटला ते सांगता येतं.

मी विचारलं, कडेचेच का, मधले नाही का सरकत? त्या खूश झाल्या. म्हणाल्या, काकू, काय पकडलंत! मधले धागे आपल्या दिशेने येत असतात. रस्त्यावर बाजूने जाणारी गाडी सरकताना दिसते. पण जी सरळ आपल्या अंगावर येते ती हलत नाही. ती फक्त मोठी होते.

मग मलाच धीर देत म्हणाल्या, ते इथे पोचायला युगं लागतील, आणि पोचेल तेव्हा इतकं विरळ असेल की कळणारही नाही. अंगावरून जाईल आणि आपण त्याच्या आत असू, एवढंच.

घरी येऊन ह्यांची आठवण आली. एवढ्या मोठ्या गोष्टीशी आपली छोटी गोष्ट जोडू नये हे कळतं. पण तारा एका दिवसात गेला आणि जाणं अजून चाललेलं आहे, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

ठकी काल आली. आल्या आल्या टेबलाखालचा कागद काढून फेकला आणि माझी जुनी चप्पल कापून चकती बसवली. बापाची लेक. मी म्हटलं, अगं, चांगली होती ती चप्पल. म्हणाली, एकच कापली आहे, दुसरी घाल.

दिवसभर हसवलं. म्हणे, इंजिन चालवायला लागल्यावर आपल्या गावावरून गाडी गेली की तीनदा भोंगा वाजवीन, तू हात करायचा, आणि स्वयंपाक झाला नसेल तर दोन्ही हात करायचे. मी म्हटलं, आधी तपासणी पास हो. म्हणाली, आई, मला त्या टेकडीवरच्या मेंढ्या मोजता येतात. मी खिडकीतून बघितलं तर मला टेकडीच धड दिसत नव्हती.

या नोकरीसाठी तिने तीन वर्षं काढली. बाप दवाखान्यात असताना त्याच्या उशाशी बसून अभ्यास केला. ह्यांनी शेवटी शेवटी तिला विचारलं होतं की इंजिनाला ब्रेक किती असतात, आणि उत्तर ऐकता ऐकता झोप लागली. हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

११ ऑक्टोबर, मंगळवार

एक विचित्र गोष्ट. आज कडं पुसायच्या आधी, मान वाकडी करून, बघितलं की त्या बाईंनी एकतीस वर्षं गोल केला तो कशाभोवती. कड्याच्या आत एक काळा ठिपका आहे. ठिपका कड्याएवढाच आहे. जरा लहान नाही, जरा मोठा नाही. शाईच्या आतल्या कडेला बरोबर टेकलेला, डब्यात कणीक गच्च भरावी तसा.

दुसरी प्लेट काढली. तेच. तिसरी चाळीस वर्षांपूर्वीची, चौथी बारा वर्षांपूर्वीची. कडेचे धागे सरकले आहेत, ठिपका जागच्या जागी.

मग पहिल्या दिवशी पुसलेली पहिली प्लेट मागवली. तिच्यावर ठिपका वाटाण्याएवढा आहे.

मशीनने उतरवलेली तिची नक्कल संगणकावर बघितली. नकलेत ठिपका नाहीच. मोकळं आभाळ, चार तारे. मास्तरांना दाखवलं. ते प्लेट उजेडासमोर धरून म्हणाले, ताई, कुठे आहे? मी म्हटलं, मधोमध. त्यांनी मान किंचित वाकडी केली, जुन्या सवयीने, आणि एकदम प्लेट खाली ठेवली. म्हणाले, स्पिरिटचा थेंब राहिला असेल. बोळा नीट पिळत जा. चेहरा मात्र उतरला होता.

आजवर ब्याऐंशी प्लेटा पुसून झाल्या.

१२ ऑक्टोबर, बुधवार

ठकी घरी कंटाळली होती म्हणून नंबर लिहून द्यायला तिला बरोबर नेलं. मास्तरांनी परवानगी दिली. ती पहिली प्लेट टेबलावर तशीच होती. मी आतून पाकिटं घेऊन येईपर्यंत ठकी भिंगाला डोळा लावून बसली होती. नवी माणसं बघतात तशी, सरळ. म्हणाली, आई, हे मधे काय आहे गं? वाटाणा सांडला का तुझा? मी म्हटलं, किती वेळ बघते आहेस? म्हणाली, मघापासून. मोठं होतंय ते.

मी प्लेट पाकिटात घातली. ती म्हणाली, एवढी काय ओरडतेस?

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

ठकीला डोळ्यांपुढे डाग दिसतो. सकाळी म्हणाली, मोहरीएवढा, जिथे बघेन तिथे मधोमध. डोळे धुतले, तरी आहे. मेंढ्या मोजायला गेली आणि लगेच परत आली. मी विचारलं, किती? म्हणाली, मधली एक दिसत नाही. जिच्याकडे बघते ती.

१५ ऑक्टोबर, शनिवार

खाली गावात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. थेंब घातले, उजेड पाडला, अक्षरं वाचायला लावली. ठकीने शेवटची ओळ चुकवली. प्रत्येक शब्दाचं मधलं अक्षर. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात काहीही दोष नाही, परीक्षेचा ताण आहे, झोप घ्या. बाहेर आल्यावर ठकी हसून म्हणाली, ताण आला तर लोकांना ताप येतो, मला मसूर आली.

मोहरी नाही म्हणाली. मसूर म्हणाली.

१६ ऑक्टोबर, रविवार

सुटी. संग्रह बंद. ठकीचा डाग दुपारपर्यंत वाटाण्याएवढा. जेवताना माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, रागावलीस का? म्हणाली, तुझ्याकडे बघितलं की तुझं नाक दिसत नाही. कानाकडे बघितलं की नाक दिसतं, पण मग तू चिडल्यासारखी दिसतेस. हसली. मला हसू आलं नाही.

पंचवीसला नऊ दिवस.

१७ ऑक्टोबर, सोमवार

मास्तरांना खनपटीला बसून विचारलं. आधी टाळलं, मग सांगितलं. त्या बाईंनी जाताना त्यांना बजावलं होतं की बाकी काहीही पुसा, मधली कडी पुसू नका. का, ते सांगितलं नाही. मास्तरांना वाटलं, प्रत्येकालाच आपली खूण मागे राहावी असं वाटतं, एकतीस वर्षं काम केलेल्या बाईला वाटलं तर नवल काय. साधे फोटो काढले की खूण राहिलीच. म्हणून मला पुसायला सांगितलं.

ते म्हणाले, माझं चुकलं का हो, ताई? मी म्हटलं, हात तर माझा होता.

पहिल्या प्लेटवर मी लाल शाईने पुन्हा कडं काढलं, ठिपक्याच्या बाहेरून. चार वाजता बघितलं तर ठिपका शाईच्या पलीकडे. त्याहून मोठं काढलं. पाच वाजता त्याच्याही पलीकडे. लहान होतं तेव्हाच अडवायला हवं होतं. आता ते ऐकत नाही.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

आज मान सरळ केली. म्हटलं, ज्याने माझ्या पोरीचा डोळा धरला आहे ते मला एकदा नीट बघू दे. सकाळी दहापासून पाचपर्यंत भिंगाला डोळा. मास्तर दोनदा चहा ठेवून गेले. दोन्ही कप गार झाले.

हलत नाही. अजिबात हलत नाही. फक्त मोठं होतं.

१९ ऑक्टोबर, बुधवार

ठकी सकाळी ओरडतच उठली. मला वाटलं, संपलं. तर म्हणाली, आई, मोहरी! मोहरीएवढा झाला! कालपासूनच कमी वाटत होता, दुपारी एकदम हलका झाला. टेकडीवर जाऊन आली, मेंढ्या एकोणीस. मधलीसकट.

मी काल दहा ते पाच बघत होते.

कुणाला सांगायचं? सांगून काय?

२० ऑक्टोबर, गुरुवार

आज मुद्दाम बघितलं नाही. खात्री करायला. दिवसभर दुसऱ्या खोलीत पाकिटं चिकटवली. कसली आई मी.

संध्याकाळी घरी आले तर ठकी खुर्चीत डोळे मिटून. डाग लिंबाएवढा. मी समोर उभी राहिले तर म्हणाली, कोण आहे?

झाली खात्री. एकच आहे ते. जो टक लावून बघेल त्याच्याकडे येतं. ठकीच्या डोळ्यात बसलं आहे, तिला नजर वळवायला जागाच नाही. तिच्याहून जास्त मी बघायला हवं. एवढंच.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

आठ तास बघितलं. मास्तरांना म्हटलं, उद्यापासून सुट्या, प्लेट घरी नेते. असं कुणी करत नाही. त्यांनी ती स्वतःच पाकिटात घालून, वर रुमाल गुंडाळून हातात दिली. म्हणाले, लेकीची तपासणी झाली की आणून द्या.

ठकी— लिंबाची सुपारी झाली.

२२ ऑक्टोबर, शनिवार

खिडकीला टेकवून बसते. दिवसाचा उजेड पुरतो. ठकीला सांगितलं, कामाची घाई आहे. ती म्हणते, आई, तू पापणी लववत नाहीस. पाणी घालते डोळ्यांत. भरवतेसुद्धा, मी लहान असल्यासारखं.

आज वाटलं, त्याच्या आत हे दिसतील का. खरं सांगायचं तर वाटलं. कुठे तरी तर गेले असतील ना. म्हणून नीट शोधलं. त्यात कुणी नाही. असते तर मला कळलं असतं.

२३ ऑक्टोबर, रविवार

ठकी— मोहरी.

मला आता भिंतीवरही दिसतो. ठकीच्या पाठीवरही. वाटाणा. म्हणजे येतो आहे. ये बाबा.

वहीत बघून लिहिलं की तेवढा वेळ जातो. म्हणून थोडंच—

२४ ऑक्टोबर, सोमवार

ठकी चारच्या बसने गेली. तपासणी उद्या अकराला, शहरात. डाग गेला म्हणाली. पूर्ण गेला. दारातून परत आली आणि मला मिठी मारली. मला तिचे केस दिसले, कान दिसले. मधे काळं.

तिने विचारलं, तू ठीक आहेस ना? मी म्हटलं, जा, बस चुकेल.

ती गेली तशी पुन्हा बसले. उद्या अकरा. अकरा होईपर्यंत नजर हलवायची नाही. मग काय व्हायचं ते होवो.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

न बघता लिहिते आहे. ओळी एकमेकींवर चढत असतील.

कडा दिसत नाहीत. प्लेट नाही. खिडकी नाही—

फोन. चाचपून घेतला. ठकी. पास! पास झाली! डॉक्टर म्हणाले, काचेसारखे डोळे आहेत. फोनमध्येच भोंगा वाजवून दाखवला तोंडाने, तीनदा. उद्या सकाळी येते म्हणाली. मी म्हटलं, दोन्ही हात केले बघ.

आता वाढत नाही. थांबलं.

थांबलं म्हणजे पोचलं.

थोड्या वेळाने. मान वर केली. डाग नाही. कुठेच नाही! खोली लख्ख, भिंतीचा पोपडा दिसतो, टेकडी दिसते, मेंढ्यासुद्धा दिसतात. इतकं स्वच्छ मला कधी दिसलं नव्हतं. प्लेटवर नुसते तारे. हुश्श.

२६ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी मास्तर आले. दार उघडंच होतं. ताई, ताई, म्हणून हाका मारल्या. मी म्हटलं, या ना. ते आत आले, माझ्या समोरून टेबलावरची प्लेट उचलली. माझ्या खुर्चीकडे बघून डोळे चोळले. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग मान वाकडी केली— आणि प्लेट छातीशी धरून निघून गेले. जवळजवळ पळत.

मी ओरडले. वळले नाहीत.

आरशात खोली दिसते. खुर्चीच्या जागी काळं—

संशोधक बाईंनी सांगितलं होतं. अंगावरून जाईल आणि आपण त्याच्या आत असू.

बस आली. पावलं ओळखीची. ठके, येऊ नकोस—

आली. पिशवी टाकली. आई, आई करत मोरीत बघितलं, आत बघितलं. मग इकडे. खुर्चीकडे. डोळे चोळते आहे. म्हणते, देवा, पुन्हा? तपासणी तर झाली— पुन्हा तोच— आणि बघते आहे. सरळ. टक लावून. घालवूनच सोडीन म्हणते. बापाची लेक, हट्टी.

ओरडते आहे मी. ऐकू जात नाही.

मी जागची हललेले नाही. दोन्ही पाय टेबलाच्या पायात अडकवून बसले आहे. तरी ठकी मोठी होते आहे. मघाशी तिच्या मागे दार दिसत होतं. आता दार नाही. आता फक्त चेहरा. आता डोळे—

बाजूला बघ, बाळा. टेकडीकडे बघ, मेंढ्या मोज. माझ्याकडे नको. मी येत नाही, मी नाही येत, तू बघू नकोस, बाजूला—